गोधडीला नवे कापड का चालत नाही

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, 'परदेशातील कार्यशाळेत हस्तकला शिकवता येते काय?' हा विषय पत्रिकेवर छापलेला आहे. त्याचे उत्तर लहान आहे, म्हणून ते शेवटी देईन. त्याआधी एक तक्रार सांगायची आहे. ती ऐकून घेणारे माझ्या घरात आता कोणी उरलेले नाही.

जपानमधील नारा येथे गोधडीची तीन दिवसांची कार्यशाळा घेण्याचे बोलावणे आले, तेव्हा संयोजकांनी साहित्याची यादी मागितली. जुनी लुगडी, जुनी धोतरे, सुया आणि दोरा, एवढेच मी कळवले. उत्तर आले की प्रत्येकीसाठी सारख्या मापाच्या नव्या सुती तुकड्यांचा संच तयार आहे. नवे कापड चालणार नाही, असे मी पुन्हा लिहिले आणि त्यांनी पुन्हा माझे आभार मानले. आपल्याकडे 'बघू' म्हणतात, त्याच जातीचे ते आभार होते, हे मला फार उशिरा उमगले. अखेर सासूबाईंची सहा नऊवारी लुगडी आणि मामंजींची धोतरे पेटीत भरून मी निघाले.

उतरण्याची व्यवस्था नारा हॉटेलमध्ये होती. ही वास्तू १९०९ सालची. पुढे टोकियो स्थानकाची इमारत उभारणारे तात्सुनो किंगो हेच तिचे वास्तुकार. बाहेरून ती कौलारू, लाकडी, एखाद्या देवळासारखी दिसते आणि आत उंच छते व विलायती शेकोट्या आहेत. त्यांतही एका शेकोटीला शिंतो देवळापुढील तोरी कमानीचा आकार दिलेला आहे. १९२२ च्या डिसेंबरात आइन्स्टाइन येथे उतरले होते आणि त्यांनी वाजवलेला पियानो हॉटेलने जपून ठेवला आहे. आइन्स्टाइन म्हटले की ज्यांना व्हायोलिनच आठवते, त्यांनी याची नोंद घ्यावी. मला मात्र त्या पियानोपेक्षा खोलीतील न्हाणीचा टब अधिक उपयोगी पडला.

घडले ते असे की, जुने कापड म्हणजे अस्वच्छ असणार या काळजीने संयोजकांनी माझी लुगडी परस्पर धुलाईला पाठवली. संध्याकाळी ती परत आली, ती खळ घालून, कडक इस्त्री करून, एकेक पारदर्शक पिशवीत घालून. चाळीस वर्षे विहिरीवर आणि नळावर धुऊन धुऊन त्या कापडाला जो मऊपणा आला होता, तो एका दुपारीत नाहीसा झाला. पिशव्या देणारा मुलगा तीनदा कमरेत वाकला. त्याच्यावर रागावणार तरी कसे? रात्री साडेदहाला मी टबात गरम पाणी सोडले आणि एकेक लुगडे पिळत खळ उतरवत बसले. नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटरांचा पसारा, आणि अशी सहा. १९०९ च्या इमारतीत नऊवारी वाळत घालण्याचा मान बहुधा माझाच असावा. सकाळी खोली आवरणाऱ्या बाई आल्या, तेव्हा खुर्च्या, पलंगाचा कठडा आणि पडद्याचा दांडा हे सगळे इरकलीने झाकलेले होते. त्यांनी काही विचारले नाही. एका पदराचा कोपरा चिमटीत धरून चोळून पाहिला आणि बाहेर जाऊन ओंजळभर हँगर घेऊन आल्या. त्या चिमटीकडे मला परत यायचे आहे.

कार्यशाळेला तीस जणी होत्या, बहुतेक साठीच्या पुढच्या. त्यांना धावदोरा शिकवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण साशिको हे त्यांचे पारंपरिक भरतकाम म्हणजे धावदोराच. तळहाताशी चामड्याचे अंगुस्तान बांधून त्या सुईवर एकदम आठ-दहा टाके भरतात आणि मग बोटांनी कापड सारखे करून चुणी काढतात. त्यांचे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे एकसारखे. त्यांच्यापुढे माझे टाके म्हणजे ज्वारीच्या कण्या. मात्र संचातील नवे तुकडे एकावर एक रचले आणि चौथ्या थराला त्यांचीही सुई अडली. तेव्हा एका आजींनी सूचनापत्रक मोडून पिशवीतून वडिलांचा विरलेला युकाता, म्हणजे सुती किमोनो, काढला. पूर्वी असा युकाता फाडून तान्ह्या मुलांचे लंगोट करीत, असे त्या म्हणाल्या. आजीच्या लुगड्याचे दुपटे होते, असे मी सांगितले आणि दुभाष्याला बराच वेळ काही काम उरले नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत; तेव्हा मूळ मुद्दा भरभर सांगते.

नव्या सुती कापडात खळ असते आणि पहिल्या काही धुण्यांत ते आटते, तेही प्रत्येक कापड वेगळ्या प्रमाणात. त्याचे चार-पाच थर शिवले, तर पहिल्याच धुण्यात गोधडी आखडते आणि जागोजाग फुगते. जुने कापड आटायचे तेवढे आटलेले असते. त्याचा एकेक थर विरलेला असला, तरी कडेपासून आत फेर धरत येणारा दाट धावदोरा ताण सगळ्या थरांत वाटून देतो. तेव्हा जुन्याचा आग्रह केवळ मायेपोटी नाही.

जपानलाही हे ठाऊक होते. उत्तरेकडच्या थंड त्सुगारू प्रांतात कापूस पिकत नसे आणि एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) तिथल्या शेतकऱ्यांना सुती कपड्यांची मनाईही होती; म्हणून बायका जाड्याभरड्या विरळ कापडाची छिद्रे टाक्यांनी बुजवीत, आणि त्यातून कोगिन ही भरतकला घडली. खुद्द नारात, सम्राट शोमू यांच्या मृत्यूनंतर सम्राज्ञी कोम्यो यांनी ७५६ साली तोदाइजी मंदिराला जो ठेवा अर्पण केला, त्याच्या यादीत सुरुवातीलाच भिक्षूंची नऊ वस्त्रे आहेत. त्यांतील काही वेड्यावाकड्या रेशमी तुकड्यांवर तुकडे ठेवून, धावदोऱ्याने शिवलेली आहेत. उकिरड्यावरच्या चिंध्यांचे पांसुकूल चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, आणि मगधातील शेतांचे बांध पाहून बुद्धशिष्य आनंद याने बेतलेली त्याची जोडणी, हे सगळे आपल्याकडून तिकडे गेले. त्याच मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे ७५२ साली बोधिसेन या भारतीय भिक्षूने रेखले. त्याच्या कुंचल्याला बांधलेला आणि जमलेल्यांनी हाती धरलेला निळा रेशमी दोर शोसोइन भांडारात अजून आहे.

आता उत्तर. टाका शिकवायला परदेशी जाण्याची गरज नाही. तो त्यांचा आपल्याहून चांगला आहे. कोणते कापड गोधडीला तयार झाले आहे हे ओळखणारी चिमट तीन दिवसांत शिकवता येत नाही, फक्त जुने कापड हातात देता येते, आणि संचाच्या पाकिटात नेमके तेच नसते.

दुसरी चिठ्ठी आली, थांबते. येत्या रविवारी याच सभागृहात प्रात्यक्षिक आहे. येताना प्रत्येकाने एक जुने लुगडे किंवा धोतर आणावे, आणि कृपा करून ते इस्त्रीला टाकू नये.