काजूच्या धंद्यात पैसा कुठे कापला जातो? बी खरेदीपासून पाकिटापर्यंत

नमस्कार मंडळी. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यात काजू प्रक्रियेचे लहान-मोठे कारखाने गावोगाव आहेत. बऱ्याच ऑफिसांत भिंतीवर 'सचोटी हेच आमचं ब्रीद' अशी पाटीही असते. असू दे. आज आपण तीन जागा बघू, जिथे समोरच्या माणसाला तपासायची सोय नसते आणि म्हणूनच पैसा कापला जातो: बीचा काटा, फोडणीची (म्हणजे काजूबी फोडून गर काढण्याची) मजुरी आणि पाकिटावरचा मजकूर.

आधी काटा.

(टेबलावर काजूबीचं पोतं आणि वजनकाटा)

काटा मारणं म्हणजे फक्त वजनात फसवणं नव्हे. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असेल, आकडा बरोबर असेल, तरी कडत्यात, म्हणजे ओलाव्यापोटी कापल्या जाणाऱ्या वजनात, सगळं वसूल करता येतं. "बी ओली आहे, शंभराला दहा किलो सोडा." शेतकरी काय बोलणार? भाड्याच्या टेम्पोतून माल आणलेला, आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, तोंडावर आलेली, पोती परत न्यायची तर भाडं पुन्हा त्याच्याच खिशातून.

आता हिशोब करू. बीत ओलावा 15 टक्के आहे आणि तुम्हाला साठवायला 9 टक्के हवा आहे. शंभर किलोत कोरडा माल 85 किलो. 85 भागिले 0.91, म्हणजे 93.4 किलो. खरी घट झाली 6.6 किलो. दहा किलो कापले तर 3.4 किलो तुम्ही फुकट घेतले, शंभर किलोमागे. त्यात पोत्याचं बारदान जास्त धरलं आणि किलोखालचे ग्रॅम सोडून दिले, की हा आकडा आणखी फुगतो.

उपाय अगदी साधा आहे. ओलावामापक शेतकऱ्यासमोर लावा, आकडा पट्टीवर, म्हणजे खरेदीच्या पावतीवर, लिहा, कडता त्याच सूत्राने काढा आणि ते सूत्र खरेदीच्या खिडकीवर चिकटवा. बारदान रिकामं तोलून वजा करा.

दर्जाचंही तसंच. "बी हलकी आहे" हे कोणीही म्हणू शकतं. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून बी घेऊन एक किलोचा नमुना करा. त्याच्यासमोर कापा. चांगले गर पूर्ण धरा, डागी गर अर्धे धरा, कुजलेले, किडके आणि पोचट शून्य. समजा 280 ग्रॅम भरले. 80 किलोच्या पोत्याला ते 22.4 किलो झाले, म्हणजे पाउंडात साधारण 49. बाजारात उतारा, म्हणजे पोत्यातून मिळणारा चांगला गर, याच भाषेत बोलला जातो. हा आकडा शेतकऱ्याच्या हातात कागदावर गेला, की पुढच्या वर्षी तो झाडावरून कच्ची बी झोडपणार नाही, खाली पडलेलीच वेचेल. कारण कच्च्या बीने उतारा किती पडतो, ते त्याने डोळ्यांनी बघितलेलं असतं.

उधारीबद्दल एक गोष्ट थोडक्यात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु कारखान्याकडून माल घेतलात, तर 2006 च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शेतकऱ्याला हे संरक्षण नाही. म्हणून पट्टीवर देण्याची तारीख तुम्हीच लिहायची, आणि ती पाळायची.

आता फोडणी, जिथे सगळ्यात जास्त गडबड आहे.

काजूच्या टरफलातल्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. त्याने कातडी भाजते, फोड येतात, बोटांची सालं निघतात. हे मालकांना माहीत असतं, हातमोजेही आणलेले असतात, आणि ते खुंटीला लटकलेले असतात! मग मालक म्हणतो, "बायका घालतच नाहीत, आम्ही काय करणार?"

बायका घालत नाहीत कारण मजुरी किलोवर आहे. मोज्याने हात मंदावतो, दिवसाला काही किलो कमी फुटतात, तेवढी मजुरी गेली. म्हणजे मोज्यांची किंमत तीच बाई भरते. दर बदलल्याशिवाय मोजे वाटणं हा निव्वळ फोटोपुरता उद्योग आहे.

दर असा काढा. हाताला बसणारे पातळ मोजे देऊन सगळ्या बायकांचं आठ तासांचं काम मोजा. सगळ्यात चपळ बाईचा आकडा धरू नका, मधला धरा. त्या दिवशी लागू असलेलं किमान वेतन भागिले ते किलो, हा तुमचा तळाचा दर. काम उक्त्यावर असलं तरी किमान वेतन सुटत नाही. तेल आत झिरपलं की मोजे त्याच दिवशी बदला, आणि हातांना चोळायला एरंडेल जवळ ठेवा. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. तिची यादी मालकाच्या कपाटात न ठेवता बायका जेवायला बसतात तिथे लावा.

मग तुकड्याची कपात. "पाकळी आणि तुकडा जास्त निघाला, मजुरी कमी." जरा थांबा. गर कशाने फुटतो? वाफवलेली बी पुरेशी निवली नाही, तर गर टरफलाला चिकटतो. बी आकारानुसार चाळली नसेल, तर मोठ्या बीत पातं गरापर्यंत जातं. पातं बोथट असेल तर टरफल कापलं न जाता चेपतं. पुढे भट्टीत गर जास्त वाळवला, तर साल काढताना तो मोडतो. या चारही गोष्टी मालकाच्या ताब्यात आहेत. रोज घाणीनिहाय, म्हणजे एका वेळी वाफवलेल्या बीच्या लॉटनिहाय, तुकड्याचं वजन लिहा. सगळ्या बायकांचा तुकडा एकाच दिवशी वाढला असेल, तर दोष वाफेचा किंवा चाळणीचा. एकीचाच सतत जास्त असेल, तर आधी तिचं पातं बदलून बघा.

शेवटी पाकीट.

(दोन पाकिटं फोडून ताटात गर)

डब्ल्यू 240 ही अख्ख्या गराची एक प्रत, म्हणजे एका पाउंडात 220 ते 240 गर, शंभर ग्रॅममध्ये साधारण 49 ते 53. डब्ल्यू 320 मध्ये शंभर ग्रॅमला 66 ते 71. वर मोठे गर आणि खाली लहान, असं पाकीट भरलं तर गिऱ्हाईक घरी मोजणार नाही, हा भरवसा असतो. तुम्हीच पाकिटावर छापा, 'शंभर ग्रॅममध्ये अंदाजे इतके गर'. मग पॅकिंगवाल्यालाही मिसळ करता येत नाही.

आणि बी मूळची कुठली, हा प्रश्न. इथलं पीक मार्च ते मे. बारमाही कारखाना चालवायचा तर आयव्हरी कोस्ट, टांझानियाची बी आणावी लागते. त्यात वावगं काही नाही, इथल्या बायकांना पावसाळ्यातही काम मिळतं. वावगं आहे ते त्यावर 'अस्सल कोकणी' छापणं. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यांसाठीच आहे, आणि तेही त्या भागातल्या बीसाठी. आयात बीचं गोदाम वेगळं, घाणी क्रमांक वेगळा, आणि तो क्रमांक पाकिटापर्यंत. मधेच दोन ढीग एकत्र आले, की पुढे कोणालाच, तुम्हालाही, फरक सांगता येत नाही. आयात बीच्या पाकिटावर सरळ लिहा: 'बी आफ्रिकेतली, प्रक्रिया सिंधुदुर्गात'.

टरफलांचा धूर हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर पुढचा व्हिडिओ करू. तोवर एवढंच करा: टरफलं उघड्यावर जाळू नका, तेल काढणाऱ्या कारखान्याला विका. ते तेल रंगात आणि गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये वापरतात, चार पैसेही सुटतात. ओलाव्याच्या कडत्याचा तक्ता आणि किलोदराचं सूत्र खाली वर्णनात दिलंय. छापून खरेदीच्या खिडकीवर लावा.