ओरखडे कुणाचे?

(क्लोजअप. गिटारची बॉडी, रंग उडालेला, आतलं लाकूड दिसतंय.)

ही गिटार बघा. वरच्या कडेला जिथे उजवा हात टेकतो तिथला रंग पार गेलाय, लाकूड काळपट पडलंय, मागे बेल्टच्या बकलने घासून मोठा चट्टा झालाय आणि ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या भागाच्या, स्क्रूंना गंज चढलाय. बघणाऱ्याला वाटेल हिने तीस-चाळीस वर्षं बारमध्ये आणि टेम्पोच्या मागे काढलीत. वय किती असेल? दोन वर्षं. फॅक्टरीतून बाहेर पडली तेव्हाच अशी होती, आणि अशी करून द्यायचे जास्तीचे पैसे घेतलेत.

पुण्यातल्या एका मित्राची आहे. ही घरी आली तेव्हा त्याच्या आईने बघितली, हात फिरवला आणि म्हणाली, "अरे फसवलंय तुला, आत्ताच्या आत्ता परत देऊन ये."

याला रेलिक म्हणतात. म्हणजे मुद्दाम म्हातारी केलेली गिटार. आणि गिटारवाल्यांच्यात यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी सुरांवरून पण होत नाहीत. मी स्वतः कित्येक वर्षं हसणाऱ्यांच्या बाजूला होतो, म्हणजे ज्याला स्टेजवर उभं राहून वाजवायचंय त्याने वाजवून झिजवावी ना, रेडीमेड झीज कसली विकत घेता, असं आमचं ठरलेलं वाक्य. आता मी नक्की कुठे आहे ते पुढे येईलच.

(आयर्लंड, कॉर्क शहर. जुने फोटो.)

आधी खरी झिजलेली गिटार. १९६३ मध्ये कॉर्कमधल्या क्रॉलीज नावाच्या दुकानातून रोरी गॅलघर नावाच्या पंधरा वर्षांच्या पोराने, जो पुढे मोठा ब्लूज-रॉक गिटारिस्ट झाला, एक सेकंडहॅन्ड फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेतली, म्हणजे अमेरिकेतल्या फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, लाडाने स्ट्रॅट. १९६१ ची, सनबर्स्ट रंगाची, म्हणजे मधे पिवळसर आणि कडेला काळपट होत जाणारी. किंमत १०० पौंड, जी तेव्हा त्या घरासाठी अवाढव्य होती, म्हणून हप्त्याने. मग पठ्ठ्याने आयुष्यभर तीच वाजवली. मधे एकदा चोरीला गेली आणि काही दिवसांनी सापडली तेव्हा उघड्यावर भिजून आली होती. आणि रोरीला स्टेजवर घाम प्रचंड यायचा, रोज रात्री दोन-दोन तास, त्या घामाने रंग अक्षरशः खाल्ला. शेवटी सनबर्स्ट नावालाच उरलं, बाकी सगळं उघडं लाकूड.

रोरी जून १९९५ मध्ये गेला. गिटार घरच्यांनी जपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात ती ८,८९,४०० पौंडांना गेली. आता ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. फेंडरने हिची हुबेहूब कॉपी नव्वदच्या दशकातच काढली होती, म्हणजे तुम्ही पैसे टाका आणि रोरीच्या घामाचे डाग घरी न्या.

हे ऐकायला विचित्र वाटतं, मला अजूनही वाटतं, पण रंग जातो कसा ते जरा समजून घ्यावं लागतं, नाहीतर सगळंच नाटक वाटेल.

(जुन्या अमेरिकन गाड्यांचे शॉट. मग रंगवलेल्या बॉडी दोरीवर वाळत टाकलेल्या.)

पन्नास-साठच्या दशकातल्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं. गिटारवाले नुसतं नायट्रो म्हणतात. हे मोटारींच्या रंगकामातलं साहित्य, आणि फेंडरचे कितीतरी रंग सरळ गाड्यांच्या कॅटलॉगमधून उचललेले होते, फिएस्टा रेड फोर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. नायट्रो पातळ असतं आणि ते कधी पूर्ण शांत बसतच नाही. वर्षानुवर्षं आकसत राहतं, उन्हाने आणि वयाने पिवळं पडतं. म्हणून पांढरी गिटार पुढे सायीच्या रंगाची होते आणि निळीवर वरचं लॅकर पिवळं पडलं की ती हिरवट दिसायला लागते, म्हणजे लोक हिरवी समजून घेतात आणि ती निघते निळी. थंडीत लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या मापाने आकसतात, लॅकरला तेवढं झेपत नाही आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडतं. याला चेकिंग म्हणतात.

पुढे साठच्या दशकाच्या शेवटी जाड पॉली फिनिश आलं. पॉली म्हणजे चिनीमातीच्या कपासारखं. चकचकीत राहतं, आपटलं तर टवका उडतो, पण हाताने झिजत काही नाही. पन्नास वर्षं वाजवा, हात झिजेल, पॉली नाही. त्यामुळे आजच्या बऱ्याच स्वस्त गिटारींना "वाजवून झिजव" म्हणणं हे तसं फसवंच आहे. आमचं ठरलेलं वाक्य इथे पहिल्यांदा लटपटलं.

आपल्याकडे नायट्रोची आणखी एक गंमत. स्वस्तातल्या स्टँडवर जे रबर असतं ना, त्याच्याशी नायट्रोचं जमत नाही, रबरातली द्रव्यं लॅकरला मऊ करतात. मी एकदा मुंबईत ऐन जुलैमध्ये एका ओळखीच्याची नायट्रोवाली गिटार अशीच स्टँडवर आठवडाभर ठेवली आणि उचलायला गेलो तर रबर चिकटलेलं, खाली दोन ठसे. ती झीज मी केली, एकदम ओरिजिनल, आणि त्याने अजून माफ केलेलं नाही.

(कॅलिफोर्निया. प्रदर्शनाचा हॉल.)

आता धंदा कसा सुरू झाला. १९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडरने आपली कंपनी सीबीएस या रेडिओ-टीव्हीवाल्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली, आणि पुढे लोकांचं मत असं पडत गेलं की नंतरचा माल तसा नाही. मग आधीच्या, म्हणजे प्री-सीबीएस गिटारींचे भाव चढायला लागले. ऐंशी-नव्वदपर्यंत ज्यांना त्या वाजवायच्या होत्या त्यांना त्या परवडेनात आणि ज्यांच्याकडे होत्या त्यांना त्या गिगला न्यायची भीती. किस्सा असाही सांगितला जातो की रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स फेंडरच्या कोऱ्या गिटारी बघून म्हणाला, जरा आपटून द्या, मग वाजवतो.

मिसूरी राज्यात विन्स कुनेटो नावाचा एक जुन्या फेंडरचा वेडा होता, तो हौस म्हणून नव्या पार्टना जुनं करायचा. फेंडरच्या कस्टम शॉपमधल्या, म्हणजे खास गिटारी बनवणाऱ्या विभागातल्या, जे. ब्लॅकने हे हेरलं, आणि जानेवारी १९९५ च्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन गिटारी ठेवल्या गेल्या, एक पन्नासच्या दशकातल्या धर्तीची स्ट्रॅट, पांढरट बॉडी आणि सोनेरी पार्टवाली, आणि एक नोकास्टर, म्हणजे फेंडरच्या टेलिकास्टरचं सुरुवातीचं बिननावाचं मॉडेल. बघणाऱ्यांना वाटलं कंपनीने संग्रहातून जुन्या काढून मांडल्यात. कळल्यावर ऑर्डरी सुरू. पहिली चार-एक वर्षं बॉडी आणि नेक कुनेटोकडे जायचे, तो म्हातारे करून परत पाठवायचा.

म्हणजे ज्या वर्षी रोरी गेला त्याच वर्षी ही म्हातारपणाची फॅक्टरी उघडली. योगायोग आहे, पण मला तो सुचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

(वर्कशॉप. हातमोजे, डबे, फ्रीजर.)

करतात कसं? नायट्रो मारलेली बॉडी फ्रीजरमध्ये घालायची, मग बाहेर काढून हेअर ड्रायर. तडतड आवाज येतो म्हणतात आणि भेगा पडतात. धातूचे पार्ट बंद डब्यात आम्लाच्या वाफेवर ठेवायचे, किती वेळ ते प्रत्येकाचं गुपित, जास्त झालं की पार्ट नाही, भंगार हातात येतं. पांढऱ्या प्लास्टिकला चहा किंवा कॉफीत बुडवायचं. हो, चहा. मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन बॉडीवर मारायचा, हलका, वेडावाकडा. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन गिटार कंपनीसाठी टॉम मर्फीने हे काम वेगळ्या तऱ्हेने केलं, तो धारदार ब्लेडने एक-एक भेग ओढायचा, आणि पुढे त्याच्या नावाने नॅशव्हिलला मर्फी लॅब निघाली. तिथे तर पातळ्याच ठरलेल्या आहेत, अल्ट्रा लाइट, लाइट, हेवी, अल्ट्रा हेवी. मिसळ मागवल्यासारखं, कमी तिखट, मध्यम, झणझणीत.

यातलं वाईट काम मात्र लगेच ओळखू येतं. घरी यूट्यूब बघून केलेल्या रेलिक बघा, हात कधी जात नाही तिथला रंग गेलेला असतो, म्हणजे कोपऱ्यात खाली, जिथे ना मनगट पोचतं ना पिक. सँडरचा गोल फटका दिसतो. मेपलच्या, म्हणजे फिक्या लाकडाच्या, फिंगरबोर्डवर प्रत्येक फ्रेटमध्ये सारखे काळे ठिपके, जसं काही माणूस प्रत्येक सुरावर मोजून सारखाच वेळ बसलाय. असं कोण वाजवतं? खऱ्या जुन्या मेपलवर पहिल्या तीन-चार फ्रेटमध्ये जास्त घाण असते, कारण ९० टक्के आयुष्य आपलं ओपन कॉर्डमध्येच जातं. माझं तरी.

आवाज सुधारतो वगैरे जे विकणारे सांगतात त्याच्यावर मी वेळ घालवणार नाही. पिकअप, तारा, अँप, हात. रंग खरवडून आवाज येत असता तर आमच्या जुन्या वाड्याचे दरवाजे एव्हाना गायला लागले असते.

(मुंबई, चोर बाजार, मटण स्ट्रीट. पितळेचे कर्णे.)

आणि हे सगळं अमेरिकन खूळ आहे असं समजू नका. इथे चोर बाजारात पितळेच्या कर्ण्याचा "अँटिक" ग्रामोफोन बघा, त्यातले किती गेल्या वर्षी जोडलेत ते विकणाऱ्यालाच ठाऊक. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचरवाल्यांना सांगा, कोरं कपाट चार दिवसांत आजोबांच्या काळातलं होतं. फरक एवढाच की तिथे तुम्हाला सांगत नाहीत. फेंडर निदान हेडस्टॉकच्या, म्हणजे गिटारच्या वरच्या टोकाच्या, मागे कस्टम शॉपचा शिक्का मारून देते, म्हणजे नाटक आहे हे तिकिटावर छापलेलं असतं. हा मला प्रामाणिकपणाच वाटतो, हसू नका.

(परत पुणे. मित्राची खोली.)

तर मी इथे शूटिंगला आलो तेव्हा गिटार हातात घेतली, म्हटलं दोन शॉट घेऊ आणि ठेवू. डावा हात नेकच्या मागे गेला आणि मी गप्प झालो. नवीन गिटारचं नेक जाड लॅकरचं असतं, घाम आला की अंगठा अडकतो, फिंगरबोर्डच्या कडा बोटाला लागतात. कोल्हापुरी नवी असताना चावते तसं. याचं नेक मागून उघडं केलेलं, मऊ, कडा गोल मारलेल्या, हात पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत पाण्यात घसरल्यासारखा. मी अर्धा तास सोडली नाही, कॅमेरावाला चिडला. ही झीज खोटी आहे हे हाताला कळतच नाही, हाताला फक्त एवढंच कळतं की इथे आपण राहू शकतो.

पण मग खुर्चीत नीट बसलो आणि उजवा हात टेकवला. बॉडीवरचा तो मोठा उघडा चट्टा माझ्या हातापासून चार बोटं पुढे. माझा कोपर मागे असतो, मी गिटार जरा उंच धरतो, माझा हात पडला तो सगळा अजून रंग असलेल्या भागावर. मित्राला म्हटलं तू टेकव. त्याचा पण जुळेना, त्याचा खाली. म्हणजे तो चट्टा आमच्या दोघांचाही नाही. तो कॅलिफोर्नियातल्या कुणा कामगाराने सरासरी काढून पाडलेला, एका अशा माणसाचा जो कधी नव्हताच.

ब्रिटिश गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनच्या ब्लॅकी नावाच्या काळ्या स्ट्रॅटच्या २००६ मध्ये २७५ कॉप्या निघाल्या, त्यात त्याच्या सिगारेटने जळालेला हेडस्टॉक सुद्धा तसाच जाळून दिलेला. तिथे निदान डाग कुणाचा हे माहिती आहे. लोक देवाच्या पादुका पुजतात, तसं समजू. मला ते कळतं, पण पादुका घालून कुणी फिरत नाही ना.

मग मला आवडतं की नाही? नेक पाहिजे. नेक मी उद्या असंच घेईन, दोन पैसे जास्त देऊन. बॉडी मात्र कोरी द्या, नायट्रोवाली, आणि आमच्या स्टँडपासून लांब ठेवा.

मित्र म्हणतो हे अर्धवट आहे. असेल. त्याचा मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला खोडता आला नाही. तो म्हणतो आधी माझ्याकडे नवीकोरी चकचकीत गिटार होती तेव्हा मी तिला घाबरायचो, पहिला ओरखडा पडेल म्हणून मंडळात वाजवायला नेली नाही, कपाटात राहिली. ही नेतो, कारण अजून एक पडला तर काय. गेल्या गणपतीत नेली, स्पीकरच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटली.

(कॅमेरा बॉडीच्या खालच्या कडेवर.)

आणखी एक. कुनेटोने केलेल्या त्या पहिल्या रेलिक आता तीस वर्षांच्या झाल्या. लोक त्या शोधून, खास "कुनेटो" म्हणून चढ्या भावाने घेतात. तीस वर्षं कुणीतरी वाजवलेल्या, म्हणजे खोट्या झिजेवर आता खरी झीज बसलीय, आणि दोन्हीमधली रेघ दाखवणं आता अवघड होत चाललंय.

याच्या गिटारवर ती अजून दाखवता येते. हा बघा, खाली, कडेला. बाकी सगळे टवके जरा मळकट, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. हा एकच पांढरा आहे, ताजा, कडा धारदार. बोट फिरवलं तर लागतो. किल्ल्यांच्या जुडग्याचा नाही हा, स्पीकरचा. याची आई कधीतरी परत विचारेल तेव्हा तो म्हणे हाच दाखवणार आहे, की हा बघ, हा मी पाडलाय.