कल्ला बघावा

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या घरी महिन्यातून किती वेळा मासे शिजतात? आणि ते कशावर ठरतं?

भावावर, म्हणाल. वारावरही: सोमवार, गुरुवार, संकष्टी, मग श्रावण. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुकट आणि सोडे. हे तुम्ही जाणताच. पण मला वाटतं, ठरतं ते मासा पारखणाऱ्या हातावर.

मी लग्न होऊन साताऱ्याहून रत्नागिरीला आले. माहेरी मासा क्वचित, तोही बाबा तुकडे करूनच आणायचे. दुसऱ्याच आठवड्यात सासूबाईंना ताप आला, म्हणून मी एकटी बाजारात गेले आणि चकचकीत सहा बांगडे घेऊन आले. सासूबाईंनी अंथरुणावरूनच एकाच्या पोटावर बोट दाबलं. खळगा पडला, तो तसाच राहिला. डोक्याच्या बाजूचा कल्ला उचलला, आत तपकिरी. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चमक बघू नये गो, कल्ला बघावा."

बांगडे टाकून दिले. पुढे दोन महिने मी बाजाराकडे फिरकले नाही. समुद्र हाकेवर, आणि आमच्याकडे मासे फक्त रविवारी, मामंजी आणतील तेव्हा. भाव तोच होता, समुद्र तोच होता. पारखणारा हात नव्हता.

मग एका बुधवारी सासूबाईंनी मला त्यांच्या नेहमीच्या मासेवालीसमोर बसवलं. "हिला शिकव." तिनं एकेक मासा हातात दिला. बोट दाब, मांस वर येतंय का? डोळा स्वच्छ, फुगीर हवा. कल्ला लालभडक हवा. घरी येऊन पित्त न फोडता पहिला बांगडा मी साफ केला. त्या महिन्यापासून बुधवार, शुक्रवार, रविवार, आठवड्यातून तीनदा मासे.

पापलेट २०२३ पासून आपला राज्य मासा आहे, त्याचा मान आहेच. पण तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याची सर त्याला नाही, हे माझं ठाम मत. आणि मुलांना नुसते बिनकाट्याचे तुकडे देऊ नका हो. शेजारी बसून काटा काढायला शिकवा. काट्याला घाबरणारं मूल मोठेपणी बाजारात जात नाही.

तर पुन्हा सांगते: डोळा, कल्ला, बोट. माझी लेक आता पुण्यात असते. मासे घेताना व्हिडिओ कॉल लावते. डोळा मी बघते, कल्ला ती उचलून दाखवते. बोट मात्र तिनंच दाबायचं.