प्रकटीकरणाचा विसावा अध्याय आणि तारणाचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. यातल्या पहिल्या रविवारी आपल्या इंदूरच्या व्हाइट चर्चमध्ये जा नाहीतर रेड चर्चमध्ये, वाचन गव्हाणीतल्या बाळाचं नसतं, ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याचं असतं. घरी आल्यावर मग प्रश्न सुरू होतात. कधी येणार? आधी संकट की आधी सुटका? आपली माणसं त्या दिवशी कुठे असतील? मोबाइलवर फिरणारे संदेश तर थेट तारीखच सांगतात आणि म्हातारी माणसं रात्रभर जागी राहतात. हे थांबायला हवं, म्हणून आजचं हे बोलणं. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मोजक्या ठिकाणी वाचणाऱ्याला वाट निवडावीच लागते आणि सगळे मतभेद तिथूनच फुटतात. ती ठिकाणं ठाऊक असली की समोरचा उपदेशक कुठल्या वाटेने निघालाय ते लगेच ओळखू येतं.

आधी सर्वांना मान्य काय ते पाहू. निसियाचा विश्वासांगीकार कॅथलिक म्हणतात, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे लोकही म्हणतात. ख्रिस्त गौरवाने पुन्हा येईल, जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, त्याच्या राज्याला अंत नसेल. इतकंच. त्यात हजार वर्षं नाहीत, सात वर्षांचं महासंकट नाही, तारीख तर नाहीच नाही.

हजार वर्षं येतात ती बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात. उपासना हिंदीतून आणि घरचं वाचन मराठीतून अशी सवय असेल, तर हिंदीत हेच पुस्तक ‘प्रकाशितवाक्य’ नावाने शोधा. अध्याय आणि वचनांचे आकडे तेच आहेत. २ ते ७ या सहा वचनांत हजार वर्षांचा उल्लेख सहा वेळा आहे आणि शास्त्रात या राज्याचा असा आकडा दुसरीकडे कुठेही नाही. सैतान हजार वर्षं बांधला जातो, ख्रिस्तासाठी जीव दिलेले जिवंत होऊन राज्य करतात, नंतर सैतान थोडा वेळ सुटतो, मग शेवटचा न्याय.

आता निवड इथे आहे. एकोणिसाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार, म्हणजे ख्रिस्त, येतो. विसावा अध्याय त्याच्या नंतरचा मानायचा, की तिथे कथा मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते असं मानायचं? नंतरचा मानला तर ख्रिस्त आधी येतो आणि मग पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करतो. दुसऱ्या शतकात जस्टिन आणि आयरेनियस असंच मानत. मागे जाते असं मानलं तर हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून आजवर चाललेला मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सगळा काळ. आकडा पूर्णत्वाची खूण ठरतो आणि ‘पहिलं पुनरुत्थान’ म्हणजे विश्वासाने मिळालेलं नवं जीवन. पाचव्या शतकात ऑगस्टीनने हे वाचन पक्कं केलं. कॅथलिक मंडळी आणि बहुतेक प्रेस्बिटेरियन याच बाजूचे. इंदूरला १८७७ साली कॅनडाचं जे मिशन आलं ते प्रेस्बिटेरियन होतं. त्या परंपरेची सतराव्या शतकातली वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली एकच पुनरुत्थान आणि एकच न्यायदिवस सांगते. तिसरं मत असं, की सुवार्ता पसरत जाईल, जग सुधारत जाईल आणि त्या सुवर्णकाळाच्या शेवटी ख्रिस्त येईल. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक मिशनऱ्यांच्या मनात ही आशा होती. दोन महायुद्धांनंतर ती बरीच मावळली.

मग सात वर्षांचं महासंकट कुठून आलं? दानीएलाच्या नवव्या अध्यायातून. तिथे सत्तर ‘सप्तकं’ आहेत, म्हणजे सत्तर गुणिले सात, ४९० वर्षं. त्यांची फोड ७, ६२ आणि १ अशी. पहिली ६९ अभिषिक्तापर्यंत नेतात, पण शेवटचं एक सप्तक, सात वर्षं, लगेच येतं की मधे खंड पडतो? १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकांनी जी मांडणी पसरवली तिच्यात इथे खंड आहे. ६९व्या आणि ७०व्या सप्तकांच्या मधे मंडळीचा सगळा काळ बसतो, आणि शेवटची सात वर्षं, म्हणजेच महासंकट, अजून यायची आहेत. १९०९ साली स्कोफील्ड यांच्या टिपांसह शास्त्र छापलं गेलं आणि ही मांडणी घरोघर गेली. टीप वचनाच्या खालीच असल्यामुळे वचन कुठे संपतं आणि टीप कुठे सुरू होते हा भेद पुष्कळांच्या मनात उरला नाही, ही माझ्या मते मोठी हानी. खंड न मानणारे म्हणतात, सत्तरावं सप्तक ख्रिस्ताच्या सेवाकाळातच सुरू झालं. कुणी ते सगळं इसवी सन पूर्व १६७ मध्ये मंदिर विटाळणाऱ्या अँटायोकस राजाशी जोडतात. कुठलंही वाचन घ्या, ‘इथे खंड आहे’ असं दानीएल स्वतः लिहीत नाही. ते वाचणाऱ्याने ठरवलेलं असतं.

तारखा कशा चुकतात त्याचा एक नमुना सविस्तर पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतले विल्यम मिलर, बॅप्टिस्ट शेतकरी, अतिशय प्रामाणिक माणूस. दानीएल ८:१४ मध्ये २३०० संध्याकाळ-सकाळ आहेत. त्यांनी एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं आणि मोजणी सुरू केली इसवी सन पूर्व ४५७ पासून, अर्तहशश्त राजाच्या हुकमापासून. २३०० वजा ४५७, उत्तर १८४३. पण इसवी सनात शून्य वर्ष नाही, पूर्व १ नंतर थेट सन १ येतं. म्हणून एक वर्ष वाढलं, आणि शेवटी त्या चळवळीत २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. हजारो लोक वाट पाहत बसले. कुणी पिकं शेतात तशीच सोडली होती. दिवस उजाडला आणि मावळला. गणित बरोबर होतं, घसरले ते आधीच्या गृहीतकांवर. दिवसाचं वर्ष करण्याला त्या वचनात आधार नाही. यरुशलेम आणि मंदिर उभारण्याचे राजहुकूम एकाहून जास्त आहेत, त्यातला एकच का? आणि वचन बोलतं पवित्रस्थानाच्या शुद्धीबद्दल, मिलर यांनी ती पृथ्वी मानली. पुढे काहींनी म्हटलं, तारीख खरी, पण घटना स्वर्गातल्या पवित्रस्थानात घडली. त्यांच्यातूनच १८६३ साली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्याची स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांचीच.

तेव्हा तारखेचा संदेश आला की तीन गोष्टी विचारा: मोजणी कुठल्या वर्षापासून धरली, तेच का, आणि दिवसाचं वर्ष कुणी केलं. नंतर मार्क १३:३२ उघडा: तो दिवस पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात श्वापदाची खूण म्हणून येणाऱ्या ६६६ या आकड्याचंही तसंच. आधी बारकोड झाला, मग आधार, मग लस. इब्री लिपीत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमचा सम्राट नीरो, असं लिहिलं की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. शेवटचा नून गाळून ‘नेरो’ लिहिलं तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर ६१६ आहे. पुष्कळ अभ्यासक म्हणूनच हा आकडा रोमच्या छळाशी जोडतात. ही खूण अजून यायची आहे असं मानणारेही आहेत, पण तेराव्या अध्यायात तिच्यासोबत उपासनेची सक्ती आहे. नुसता नंबर मिळणं म्हणजे ती खूण नव्हे.

आता ‘उचलले जाणे’. १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ म्हणतं, विश्वासणारे अंतराळात प्रभूला सामोरे होण्यासाठी मेघारूढ होतील. डार्बींच्या वाटेने वाचलं तर मंडळी महासंकटाच्या आधी स्वर्गात जाते आणि सात वर्षांनी ख्रिस्तासोबत परतते. इतर म्हणतात, येणं एकच आहे. सीमांतपूजनाला वधूपक्ष वराला सामोरा जातो आणि त्याला घेऊन कार्यालयाकडेच येतो, वराच्या गावी निघून जात नाही. हे सामोरं जाणंही तसंच. मला हे दुसरं वाचन वचनाशी जास्त जुळणारं वाटतं, कारण तिथे परत वर जाऊन सात वर्षं राहण्याचा उल्लेख नाही.

इथे तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, प्रश्न येऊन भिडतो. मत्तय २४:१३ म्हणतं, शेवटपर्यंत टिकून राहील तोच तारला जाईल. मग मिळालेलं तारण गमावता येतं का? १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेने, म्हणजे रिफॉर्म्ड प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या परिषदेने, उत्तर दिलं: देवाने ज्यांना धरलं त्यांना तोच टिकवतो, आणि आधार योहान १०:२८ चा. मेथडिस्ट इब्री ६:४-६ दाखवून म्हणतात, माणूस मागे फिरू शकतो. कॅथलिक शिकवण अशी, की गंभीर पापाने कृपा जाते आणि पापनिवेदनाने परत मिळते. विश्वास की कृत्यं, हा वाद तर रोमकरांस ३:२८ आणि याकोब २:२४ समोरासमोर ठेवून शतकानुशतकं झाला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबर्गमध्ये लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक मंडळी यांनी संयुक्त निवेदनावर सही केली. तारण देवाच्या कृपेनेच, ख्रिस्तावरील विश्वासाने, आणि सत्कृत्यं त्याची फळं. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण एकमेकांवरचे जुने धिक्कार आजच्या शिकवणीला लागू नाहीत असं दोघांनी मान्य केलं. प्रकटीकरण २०:१२ मध्येही दोन्ही आहे: कृत्यांची पुस्तकं उघडली जातात आणि जीवनाचं पुस्तकही.

शेवटचा प्रश्न इंदूरमध्ये फार जवळचा, कारण इथे एकाच कुटुंबात ख्रिस्ती सून आणि वारकरी सासू असू शकते. मागे राहिलेल्यांचं काय? डार्बींच्या परंपरेतले पुष्कळ जण सांगतात, महासंकटातही लोक विश्वास ठेवतील, प्रकटीकरण ७ मधला अगणित समुदाय तोच. येणं एकच मानणारे मत्तय २५:१० दाखवतात: दार बंद झालं. ज्यांना सुवार्ता कळलीच नाही त्यांच्याबद्दल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटलं, की प्रामाणिक मनाने देवाला शोधणाऱ्यांना तारण मिळू शकतं. अनेक सुवार्तावादी मंडळ्यांना हे मान्य नाही. त्यामुळे आपल्या पाळकांना किंवा फादरना हे सरळ विचारा, आणि विचारताना मत्तय २५ ची पहिली तेरा वचनं व प्रकटीकरण ७ ची ९ ते १७ शेजारी उघडून ठेवा.

नमस्कार.