शंभरच्या बल्बचे चाळीस ओहम

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘व्होल्ट आणि अँपिअरवरून रोध व शक्ती काढणे’. तो वाचूनही इंदूरच्या रामबागेत इतक्या खुर्च्या भरल्या, याचं श्रेय मी नंतर मिळणाऱ्या गराडूला, म्हणजे तळलेल्या कंदाला देतो. (हशा)

‘विभवांतर’ हा शब्द आपण सगळ्यांनी दहावीत पाठ केला आणि पेपर दिल्यावर तिथेच सोडून आलो. तेव्हा आज व्होल्टेजच म्हणू, धारेला करंट म्हणू. रोधाला, म्हणजे करंटच्या वाटेतल्या अडथळ्याला, मात्र रोधच म्हणणार, कारण माझं जुनं भांडण त्याच्याशी आहे.

होळकर कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. शिकवणीच्या पैशातून जेल रोडवरून व्होल्टेज, करंट, रोध मोजणारा काट्याचा मल्टिमीटर आणला. नवा मीटर हातात आला की माणूस घरातलं काहीही मोजतो. मी आजीची जपमाळसुद्धा मोजली. काटा हलला नाही. मग स्वयंपाकघरातला शंभर वॅटचा बल्ब काढला, मीटरच्या दोन तारा टेकवल्या. रोध मोजायचं माप म्हणजे ओहम; काटा चाळीस ओहमवर.

आता हिशेब. ओहमचा नियम म्हणतो, व्होल्टेजला रोधाने भागा, करंट मिळेल. २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअर. त्याला पुन्हा २३० ने गुणलं की शक्ती : १३२२ वॅट! वर छापलेत शंभर! मी ओरडतच अण्णांकडे गेलो. अण्णांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, “मग इस्त्री कशाला घेतली? बल्बच फिरवू धोतरावरून.”

घरात किंमत नाही म्हटल्यावर बल्ब घेऊन दुकानदाराकडे गेलो. कागद मांडून त्याला सगळा गुणाकार समजावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, बल्ब होल्डरमध्ये लावला, बटण दाबलं आणि म्हणाला, “भिया, जल रहा है ना? फिर?” इंदूरमध्ये विज्ञानाचा इतका स्वच्छ पराभव मी पुन्हा पाहिला नाही.

कॉलेजात सरांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी बल्बच्या वाटेत करंट मोजणारा अँमीटर घातला, दिवा लावला. वाचन आलं ०.४३ अँपिअर. २३० भागिले ०.४३ : ५३५ ओहम. तोच बल्ब! विझलेला असताना चाळीस, जळताना सव्वापाचशेच्या वर. आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तापली की तिचा रोध बारा-तेरा पट होतो. बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का उडतो, तेही इथंच कळतं. तार थंड, रोध चाळीस, पहिल्या क्षणी करंटचा लोंढा. म्हणून मी म्हणतो, रोध विचारायचा तर वस्तू राबत असताना विचारा. झोपलेल्या माणसाची नाडी पाहून तो राजवाड्यापर्यंत पळेल का, हे सांगता येत नाही.

ओहमचं थोडं सांगतो. (समोरून चिठ्ठी) हो, पाहिली. गेओर्ग ओहम हा कुलपं करणाऱ्याचा मुलगा, शाळामास्तर. १८२७ साली हा नियम पुस्तकात मांडला, तर मायदेशात, जर्मनीत, त्याची उपेक्षाच झाली; लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ मध्ये कोप्ले पदक दिलं. त्याच्याही आधी हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाला हा नियम कळला होता. त्याच्याकडे मीटर नव्हता, म्हणून तो स्वतःच्या अंगाला झटके घेऊन करंट कमी की जास्त ते ठरवायचा! आणि छापलं काहीच नाही. पुढे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं ते कागद १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. आमच्या काही वायरमन मंडळींनी ती झटके घेण्याची पद्धत अजून सोडलेली नाही. (हशा)

दुसरी चिठ्ठी. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

रोध म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. गीझरवर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलंय. २००० ला २३० ने भागा : ८.७ अँपिअर. आता २३० ला ८.७ ने भागा : साधारण साडेसव्वीस ओहम. गीझरच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून इथे तो धरून चालायला हरकत नाही. आता व्होल्टेज १८४ वर आलं, म्हणजे ८० टक्के. शक्ती ८० टक्के? नाही. व्होल्टेज घटलं, त्यासोबत करंटही घटला. ८० टक्क्यांचे ८० टक्के, म्हणजे ६४. उरले १२८० वॅट. थंडीत पाणी तापत नाही म्हणून गीझरला शिव्या देऊ नका, आधी व्होल्टेज पाहा.

आणि त्या गीझरचा प्लग! पिन सैल असेल, तिथे अर्धाच ओहम अडकला असेल, तर २३० व्होल्टवर करंट साडेआठवर येतो; त्याचा वर्ग गुणिले रोध : सुमारे ३६ वॅट त्या एवढ्याशा पिनेत. सोल्डरिंग आयर्न तितक्याच वॅटचं असतं. प्लग काळा का पडतो ते कळलं? सैल सॉकेट आजच्या आज बदला, आणि बदलताना मेन बंद.

पंख्याला, मिक्सरला हा गुणाकार जसाच्या तसा लावू नका. मोटरमध्ये व्होल्टेज आणि करंट पावलाला पाऊल लावून चालत नाहीत, तिथं पॉवर फॅक्टर येतो, आणि तो आला की... तिसरी चिठ्ठी. यावर ‘गराडू गार होतोय’ लिहिलंय. चला.