आधी पाणी बघा: लेक पॉवेलच्या वाळवंटात जाताना

(दृश्य: सकाळचं ऊन. लाल खडकाच्या उभ्या भिंती, मधून निळं पाणी. भिंतींच्या पायथ्याशी लांबच लांब पांढरा पट्टा.)

लाल खडकावर हा जो पांढरा पट्टा दिसतोय, तो क्षारांचा थर आहे. कधीकाळी पाणी इथवर होतं. ते उतरलं आणि त्यातला चुना खडकाला चिकटून राहिला. अमेरिकेत युटा आणि ॲरिझोना या दोन राज्यांच्या सीमेवर, जिथे वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही, अशा वाळवंटात हा जलाशय पसरलाय. याचं नाव लेक पॉवेल. पाणी कोलोरॅडो नदीचं, आणि ते अडवलंय ग्लेन कॅन्यन धरणाने.

फिनिक्स असो की लास वेगास, गाडीने साधारण साडेचार तासांत इथे पोचता येतं. त्यामुळे अमेरिकेत राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं लाँग वीकेंडला इकडे वळतात, आणि उन्हाळ्यात भारतातून आलेले आईबाबाही बरोबर असतात. हॉटेल ठरतं, गाडी ठरते, फोटो कुठे काढायचे तेही ठरतं. पाण्याची चौकशी मात्र सहसा कुणी करत नाही. आणि या भागात तर सगळं पाण्यावरच ठरतं: होडी कुठून सोडायची, कुठल्या घळीत शिरायचं, कुठे पाऊलही टाकायचं नाही.

(दृश्य: धरणाची भिंत, वरून जाणारा पूल, खाली हिरवी नदी.)

१८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल आपल्या सोबत्यांना घेऊन लाकडी होड्यांतून ही नदी उतरला. अमेरिकन यादवी युद्धात त्याने उजवा हात गमावला होता. ज्या घळीतून तो गेला, तिला त्याने ग्लेन कॅन्यन हे नाव दिलं. १९५६ साली त्याच घळीत धरणाचं काम सुरू झालं. कामगारांसाठी १९५७ मध्ये माळावर वसाहत उभी राहिली, तेच आजचं पेज गाव. १९६३ च्या मार्चमध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. भिंत २१६ मीटर उंच. जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला तो थेट १९८० च्या जूनमध्ये. सतरा वर्षं लागली.

बुडित क्षेत्र म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि माणसं ते बघायला जातात. तसंच इथे एस्कलांटे नदीच्या फाट्यात एक दगडी दालन आहे. त्याला ‘कॅथीड्रल इन द डेझर्ट’ म्हणतात. वर कमानीसारखे झुकलेले खडक आणि आत कोसळणारी धबधब्याची बारीक धार. धरण भरलं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. २००५ साली पाणी खूप उतरलं तेव्हा ते पुन्हा दिसलं, आणि अलीकडच्या दुष्काळी वर्षांतही. जे बुडालं ते साधं नव्हतं, हे इथे उभं राहिलं की कळतं, आणि धरणाचं कौतुक करताना जीभ जरा अडखळते.

(दृश्य: उताराचा सिमेंटचा रॅम्प. रॅम्प संपतो, पाणी मात्र अजून बरंच खाली.)

महाराष्ट्रात जुलै-ऑगस्टमध्ये वर्तमानपत्र उघडलं की आपण धरणसाठ्याचा तक्ता बघतो. लेक पॉवेलला जाण्याआधी तशीच सवय लावून घ्या. इथली पातळी समुद्रसपाटीपासूनच्या फुटांत मोजतात. पूर्ण भरल्यावर ३,७०० फूट. २०२३ च्या वसंतात ती ३,५२० च्याही किंचित खाली गेली होती. धरण पहिल्यांदा भरत होतं ती वर्षं सोडली तर तोवर इतकं कमी पाणी कधी नव्हतं. म्हणजे पाण्याचा माथा पूर्ण पातळीपेक्षा जवळजवळ १८० फूट खाली. अशा वेळी होड्या उतरवायचे रॅम्प एकेक करून बंद करावे लागतात, कारण त्यांची टोकं पाण्यापर्यंत पोचतच नाहीत.

वर्षभरातली चढउतारही ध्यानात ठेवा. रॉकी पर्वतावरचं बर्फ वितळून पाणी यायला लागतं ते मे-जूनमध्ये. म्हणून पातळी वसंताच्या सुरुवातीला सर्वांत खाली असते आणि उन्हाळ्याच्या आरंभी चढते. वाहवीप मरीनाजवळ, म्हणजे तिथल्या होड्यांच्या तळाजवळ, कॅसल रॉक कट नावाची जवळची वाट आहे. पाणी पुरेसं असेल तर होडी तिथून थेट पुढे निघते आणि सुमारे बारा मैलांचा वळसा वाचतो. नसेल तर जुन्या नदीपात्राने फिरून जायचं. बारा मैल जाताना, बारा मैल येताना. इंधनाचा हिशेब तिथेच बदलतो.

रेनबो ब्रिजचंही तसंच. निसर्गानेच कोरलेली ही दगडी कमान २९० फूट उंच आहे, आणि १९१० पासून ती राष्ट्रीय स्मारक आहे. वाहवीपहून होडीने जवळपास पन्नास मैल. पाणी वर असेल तर धक्क्यापासून कमान अगदी जवळ. खाली असेल तर उन्हात मैलभर किंवा त्याहून जास्त चाल. नवाहो आणि आसपासच्या इतर आदिवासी समाजांसाठी ही जागा पवित्र आहे. कमानीखालून जाऊ नका, अशी विनंती तिथे केलेली आहे. बंदुकीच्या धाकाने नव्हे, तर विनंती म्हणून केली आहे, यासाठीच ती जास्त मनापासून पाळावी असं मला वाटतं.

आणि खडक कायमचा असतो, असंही समजू नका. रॉक क्रीक बे मधली ‘डबल आर्च’ ही प्रसिद्ध कमान ८ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळली. पाण्याची वरखाली होणारी पातळी आणि लाटांची झीज यांचा त्यात हात असावा, असं राष्ट्रीय उद्यान सेवेने तेव्हा सांगितलं. खडकाला भेगा, खाली पडलेले ताजे तुकडे दिसले की होडी त्या छताखाली बांधू नका.

(दृश्य: अँटिलोप कॅन्यन. नारिंगी भिंतींचे वळसे, वरून येणारा उजेडाचा झोत.)

आता ज्या जागेसाठी बहुतेक जण इथे येतात, ती. अँटिलोप कॅन्यन. जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या दगड झाल्या आणि त्या दगडातून पुराच्या पाण्याने ही अरुंद घळ कोरली. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात. भिंतींवरचे हे वळसे, ही गुळगुळीत झिलई, सगळं वाहत्या पाण्याचं काम आहे, आणि ते काम अजून थांबलेलं नाही.

१२ ऑगस्ट १९९७. लोअर अँटिलोपमध्ये, म्हणजे या घळीच्या खालच्या भागात, पर्यटकांचा एक गट होता. घळीवर पाऊस जवळजवळ नव्हता. वादळ बरसलं ते कित्येक मैल वर, पाणलोटात. तिथून आलेला लोंढा काही मिनिटांत घळीत घुसला. तेव्हाच्या लाकडी शिड्या वाहून गेल्या. अकरा जण मृत्युमुखी पडले, त्यात बहुतेक युरोपातून आलेले होते. वाचला तो फक्त गटाचा मार्गदर्शक.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने हे नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडे पाऊस आधी अंगावर येतो, मग ओढा फुगतो. आपलं मन त्याच क्रमाने धोका ओळखतं. इथे डोक्यावर निळं आकाश असताना पाणी येतं. या जमिनीत माती कमी आणि उघडा खडक जास्त. पाणी मुरत नाही, सगळं एकदम धावतं, आणि मैलोन् मैलांचं पाणी मीटरभर रुंदीच्या फटीत शिरतं. म्हणून नुसतं पेजचं हवामान बघून उपयोग नाही. घळीच्या वरच्या अंगाला, पाणलोटात ढग आहेत का ते बघायचं. मध्य जूनपासून सप्टेंबर अखेरपर्यंत या भागाचा स्वतःचा पावसाळा असतो, दुपारी ढग जमतात आणि कोसळतात.

घळीच्या या भागात एकट्याने जाता येत नाही. ही जमीन नवाहो राष्ट्राची, म्हणजे नवाहो आदिवासींच्या स्वशासित प्रदेशाची आहे आणि परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही. आज तिथे पक्क्या ठोकलेल्या शिड्या आहेत, हवामान रेडिओ आहे, धोक्याचा भोंगा आहे. मार्गदर्शकाने फेरी रद्द केली तर वाद घालू नका, पैशांसाठी तर अजिबात नाही. या घळीशी त्यांचं नातं पिढ्यान् पिढ्यांचं आहे, आणि त्यांचा शब्द हवामानाच्या ॲपपेक्षा वजनदार आहे.

बरोबर वयस्कर मंडळी असतील तर अप्पर अँटिलोप घ्या. तिथे जमिनीच्या पातळीवरून, वाळूतून सरळ चालत आत जाता येतं. लोअरमध्ये उभ्या शिड्या उतरायच्या-चढायच्या असतात आणि दुखऱ्या गुडघ्यांना ते जड जातं. उजेडाचे ते झोत बघायचे तर तेही मुख्यतः अप्परमध्येच, मार्च अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, ऐन दुपारच्या आसपास.

वेळेचा एक घोळ इथे हमखास होतो. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. युटा करतं. नवाहो राष्ट्र ॲरिझोनात असूनही करतं. मार्च ते नोव्हेंबर तुमचा फोन कुठल्या टॉवरला लागलाय त्यावर तो एक तास पुढे-मागे उडी मारतो. घळीच्या फेऱ्या साधारणपणे पेजच्या वेळेने चालतात, तरी बुकिंग करताना विचारून घ्या आणि मनगटी घड्याळ पेजच्या वेळेला लावून ठेवा.

(दृश्य: पहाट. अँटिलोप पॉइंटच्या रॅम्पवरून दोन कयाक पाण्यात सरकतात.)

हीच घळ दुसऱ्या टोकाकडूनही गाठता येते, पाण्यावरून. अँटिलोप पॉइंटहून कयाक घेऊन निघायचं आणि जिथे जलाशयाचा फुगवटा संपतो तिथे उतरून पायी आत जायचं. वल्हवायचं किती आणि चालायचं किती, हे त्या आठवड्यातल्या पातळीवर अवलंबून. माझ्या मते या सगळ्या परिसरात करण्यासारखी सर्वांत सुंदर गोष्ट हीच. पण निघायचं उजाडताच. दुपारी वारा उठतो, मोटरबोटींची वर्दळ वाढते, आणि उभ्या भिंतींमध्ये त्यांच्या लाटा आपटून परत येत राहतात. नवशिक्याची कयाक तिथे उलटू शकते. लाइफ जॅकेट अंगावर हवं, होडीत टाकलेलं नव्हे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तर ते कायद्यानेच सक्तीचं आहे.

हाउसबोट भाड्याने घेणाऱ्यांनी एक धोका नीट ऐकावा. होडीच्या मागच्या बाजूला पोहण्यासाठी फळी असते. तिच्याखाली इंजिनाचा आणि जनरेटरचा धूर कोंडतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास येतो. या जलाशयात त्याने माणसं गेली आहेत, चांगलं पोहता येणारी मुलंसुद्धा. यंत्र सुरू असताना मागच्या बाजूला कुणीही पाण्यात उतरायचं नाही, आणि मुलं पाण्यात असतील तर जनरेटर आधी बंद.

उंच कड्यांवरून उड्या मारायचा मोह होतो. पंधरा फूट किंवा त्याहून उंचावरून उडी मारायला इथे बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. गेल्या वर्षी जिथे खोल पाणी होतं तिथे यंदा खडक असू शकतो.

(दृश्य: हॉर्सशू बेंडचा कडा. टोकाशी गर्दी.)

हॉर्सशू बेंडला फार वेळ लागत नाही. वाहनतळापासून जाऊन-येऊन अडीच किलोमीटरच्या आतबाहेर. खाली तीनशे मीटरवर नदीचं वळण. कठडा अगदी थोड्या भागात आहे, बाकी कडा उघडाच आहे. मुलांचा हात सोडू नका.

आता प्यायच्या पाण्याचं. माणशी दिवसाला किमान चार लिटर, चालणं असेल तर जास्तच. जुलैत पेजमध्ये पारा ३५ अंशांच्या पुढे जातो. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, उडून जातो. त्यामुळे आपण किती पाणी गमावलं ते कळत नाही. मुंबई-कोकणाची सवय असलेला माणूस इथे फसतो, घाम नाही म्हणजे ठीक आहे असं त्याला वाटतं. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. लिंबू, मीठ, साखर घातलेलं सरबत बाटलीत भरून घ्या. खायला काहीतरी खारट ठेवा. जलाशयाचं पाणी समोर कितीही निळं दिसलं तरी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

हवामान बघता एप्रिल अखेर ते मे आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर हे दिवस मला सर्वांत चांगले वाटतात. वसंतात वारा जास्त, तेव्हा तंबूच्या खुंट्या वाळूत टिकतील अशा घ्या. शरदात पाणी अजून कोमट असतं, ढग विरळ झालेले असतात आणि गर्दी ओसरलेली. शाळेच्या सुट्टीमुळे जुलै-ऑगस्टलाच यावं लागत असेल तर दिवस सकाळी दहाच्या आत उरकायचा आणि चिंचोळ्या घळी मार्गदर्शक सांगेल तेव्हाच.

काठावर मुक्काम करायचा असेल तर लोन रॉक बीच सोपा, गाडी पाण्याजवळ नेता येते. मात्र वाळू मऊ आहे, साध्या गाड्या रुततात. पाण्यापासून पाव मैलाच्या आत तंबू ठोकणाऱ्याने शौचासाठी वाहून नेता येईल असं पात्र बरोबर ठेवायचं आणि सगळं परत न्यायचं, असा नियम आहे. वाळवंटात कुजणं मंदावतं, टाकलेलं वर्षानुवर्षं तसंच राहतं. स्वतःची होडी आणलीत तर परतताना ती धुऊन, पूर्ण रिकामी करून, वाळवून न्या. क्वागा नावाचे परके शिंपले इथे पसरलेत, आणि ओलसर होडीतून ते दुसऱ्या तलावात जातात. ड्रोन घरीच ठेवा. नवाहो भूमीवर दारू न्यायची नाही. आणि राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अँटिलोप कॅन्यनला चालत नाही, तिथलं शुल्क वेगळं.

(दृश्य: संध्याकाळ. धरणाजवळच्या अभ्यागत केंद्रात भिंतीवरचा नदीखोऱ्याचा नकाशा.)

कोलोरॅडो नदीवर सुमारे चार कोटी माणसं अवलंबून आहेत. टंचाईत कुणाला किती पाणी आणि या धरणातून किती विसर्ग, याचे २००७ साली ठरलेले नियम २०२६ च्या अखेरीपर्यंतचेच आहेत. पुढच्या वाटपावरून सात राज्यं, केंद्र सरकार आणि आदिवासी राष्ट्रं यांच्यात ओढाताण आहे. तुम्ही यंदा किंवा पुढच्या वर्षी येणार असाल तर बुकिंग करण्याआधी, आणि पुन्हा निघायच्या आठवड्यात, उद्यान सेवेच्या पानावर दोन गोष्टी बघा: आजची पातळी आणि उघडे रॅम्प. मग मरीनाला फोन करा, मग घळीची वेळ घ्या. हॉटेल सर्वांत शेवटी ठरवलं तरी चालेल.