चुलीपाशी बसलेला हेराक्लिटस

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय ऐकायला भारदस्त आहे: 'असणं', म्हणजे एखादी गोष्ट मुळात आहे हेच, आणि 'पवित्र' यांचं नातं. घाबरू नका, आपण चुलीपाशीच जाणार आहोत.

1946 साल. महायुद्ध हरलेल्या जर्मनीत मार्टिन हायडेगर या तत्त्वज्ञाला विद्यापीठात शिकवायला बंदी होती. 1933 मध्ये तो नाझी पक्षात गेला होता ना! विद्वत्ता आणि शहाणपण एका घरात नांदतातच असं नाही, हे माझं जुनं मत. तर झाँ बोफ्रे या फ्रेंच अभ्यासकानं काही प्रश्न पाठवले आणि हायडेगरनं लांबलचक पत्र लिहिलं. त्यातच चुलीची ही गोष्ट आहे.

गोष्ट खरं तर ॲरिस्टॉटलनं सांगितलेली. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं इफेसस, आजच्या तुर्कस्तानातलं. तिथल्या हेराक्लिटसला भेटायला परगावचे लोक आले. एवढा मोठा विचारवंत, कुठेतरी गहन चिंतनात बुडालेला दिसेल, अशी अपेक्षा. बघतात तर स्वारी चुलीपाशी शेकत बसलेली! पाहुणे उंबऱ्यातच थबकले. आत यावं की परत फिरावं? (मोठ्या माणसांना बघायला जाणारे असेच असतात. आता तर हातात मोबाइलही असतो.) हेराक्लिटसनं ओळखलं. म्हणाला, या, बिनधास्त आत या, इथेही देव आहेत.

इथेही! चुलीपाशीही.

आणि पवित्राबद्दल हायडेगर याच पत्रात काय म्हणतो? त्याचं म्हणणं, आधी देव ठरवून मग जग पवित्र ठरवू नका. क्रम उलटा आहे. आधी असण्याचं सत्य. त्यातून पवित्र कळतं. पवित्रातून देवत्व. मग कुठे 'देव' या शब्दाचा अर्थ. पुन्हा सांगतो: आधी असणं, मग पवित्र, मग देवत्व, शेवटी देव. एखादी वस्तू किती उपयोगाची, एवढंच विचारणाऱ्या जगाला पहिलीच पायरी दिसत नाही, ही त्याची तक्रार.

मला मात्र ॲरिस्टॉटल जास्त आवडतो. त्यानं ही गोष्ट प्राण्यांच्या शरीररचनेवरच्या ग्रंथात सांगितली. क्षुद्र जिवांचा अभ्यास करताना नाक मुरडू नका, त्यांच्यातही सुंदर काही आहे, असं बजावताना. आमच्या शाळेत बेडूक कापताना कुणी हे सांगितलं असतं तर!

आणि हो, ते पाहुणे शेवटी आत गेले की नाही, ते काही ॲरिस्टॉटलनं सांगितलेलं नाही. नमस्कार.